एअरबॅग व मोटारगाडीतील सुरक्षा-दोष

मोटारगाडीच्या आराखड्यातील, घटक भागातील, जोडणीतील किंवा नियंत्रक संगणकाच्या आज्ञावलीतील ज्या उणिवेमुळे चालक, प्रवासी वा रस्त्यावरील इतर व्यक्ती यांच्या जीविताला धोका उत्पन्न होतो, तिला सुरक्षा-दोष म्हणतात. नेहमीची झीज, देखभालीतील हयगय किंवा चालकाची चूक यांमुळे होणारा बिघाड या संज्ञेत येत नाही. सुरक्षा-दोष सामान्यतः एखाद्या सुट्या गाडीचा नसून एकाच रीतीने बनविलेल्या गाड्यांच्या समूहाचा असतो व म्हणून तो दूर करण्याची जबाबदारी निर्मात्यावर येते. ब्रेक, सुकाणू यंत्रणा (स्टिअरिंग), इंधननळ्या, टायर, प्रज्वलन-स्विच, बॅटरी अशा कोणत्याही भागात तो असू शकतो. एअरबॅगमधील (वायुपिशवीतील) दोषाचे स्वरूप मात्र या सर्वांहून निराळे आहे. ब्रेक रोज वापरले जातात व त्यांतील बिघाड बहुधा आधी जाणवतो. एअरबॅग गाडीच्या उभ्या आयुष्यात एकदाच उघडते किंवा उघडतच नाही. ती सुस्थितीत आहे की नाही हे वापरून पाहता येत नाही. शिवाय ती दोन परस्परविरुद्ध प्रकारे चुकू शकते : आघात झाला असता न उघडणे आणि आघात नसताना उघडणे. यांपैकी एक चूक टाळण्यासाठी केलेली तजवीज दुसरीची शक्यता वाढविते, ही या साधनाच्या अभियांत्रिकीतील मूळ अडचण होय.

एअरबॅगची कल्पना जुनी आहे. जर्मनीत व्हाल्टर लिंडरर आणि अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना १९५३ मध्ये तिची पेटंटे मिळाली. परंतु त्यांच्या योजनेतील दाबाखालील हवा पिशवी पुरेशा वेगाने फुगवू शकत नव्हती. आघात ओळखणारा विश्वासार्ह संवेदक व वायू निर्माण करणारे घन रसायन ही उपलब्ध झाल्यावरच १९७०–८० या दशकात अमेरिकेत व नंतर यूरोपात एअरबॅग प्रत्यक्ष गाड्यांत आली. बाजूच्या आघातापासून संरक्षण देणारी पिशवी व्होल्व्हो कंपनीने १९९४ मध्ये प्रथम बसविली आणि डोक्याच्या रक्षणासाठी छताच्या कडेतून पडद्याप्रमाणे खाली उलगडणारी पिशवी १९९८ च्या सुमारास प्रचारात आली.

बाजूच्या एअरबॅगची रचना व कार्य : समोरून ताशी ५० किमी. वेगाने टक्कर झाली, तर गाडीचा पुढील भाग अर्ध्या मीटरहून अधिक चेपला जातो व आघाताचा सर्व व्यवहार सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात पुरा होतो. यांपैकी पहिल्या १५ ते २० मिलिसेकंदांत नियंत्रकाने निर्णय घेतला, तरी समोरची पिशवी वेळेवर फुगू शकते. बाजूने येणाऱ्या आघातात ही सवड नसते. प्रवाशाची बरगडी व दाराचा पत्रा यांमध्ये जेमतेम २० ते ३० सेंमी. अंतर असते. त्यामुळे ५ ते ८ मिलिसेकंदांत निर्णय व त्यानंतर १० ते १५ मिलिसेकंदांत पिशवी पूर्ण फुगणे आवश्यक ठरते. डोळ्याची पापणी लवण्यास याच्या कित्येक पट वेळ लागतो.

निर्णयासाठी दोन दारांमधील खांबात प्रवेगमापक संवेदक बसवितात. पुष्कळ गाड्यांत दाराच्या पोकळीत दाबमापकही असतो. दाराचा पत्रा आत दाबला गेला की पोकळीतील हवेचा दाब एकदम वाढतो व तो ओळखला जातो. एकाच संवेदकाच्या साक्षीवर पिशवी उघडू नये म्हणून दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणच्या संवेदकाची पुष्टी घेतली जाते. पुष्टी मिळताच नियंत्रक सुमारे एक ते दीड अँपिअर विद्युत् प्रवाह दोन मिलिसेकंदांपर्यंत प्रज्वालकात सोडतो. प्रज्वालक म्हणजे बारीक तार व तीभोवतीचे थोडे स्फोटक द्रव्य. त्याने वायुजनकातील रसायन पेटते किंवा दाबाखाली साठविलेल्या अक्रिय वायूची कुपी फुटते. वक्षाचे रक्षण करणारी पिशवी आसनाच्या पाठीच्या बाहेरील कडेत घडी करून ठेवलेली असते व ती तेथील कच्ची शिवण उसवून बाहेर येते. छतातील पडदा-पिशवी गाडी उलटत असतानाही उपयोगी पडावी म्हणून काही सेकंद फुगलेली राहील अशी बनवितात.

बॅटरी आघातातच तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून नियंत्रकातील धारित्रात (कपॅसिटरमध्ये) विद्युत् भार साठविलेला असतो. बॅटरीची जोडणी सोडल्यावरही काही काळ हा भार टिकतो. एअरबॅगच्या तारांना हात लावण्यापूर्वी कारागिराने निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे, असा दंडक यामुळेच आहे. या तारा व त्यांचे जोड ओळखू यावेत म्हणून ते सामान्यतः पिवळ्या रंगाचे असतात.

अवेळी उघडणे : वरील वर्णनावरून हे लक्षात येईल की, बाजूच्या एअरबॅगला विचार करण्यास समोरच्या पिशवीच्या निम्माही वेळ मिळत नाही. पाच मिलिसेकंदांत हाती येणाऱ्या तुटपुंज्या माहितीवरून दारावर आदळलेली गाडी आणि खड्ड्यात जोराने आपटलेले चाक यांतील भेद तिला करावा लागतो. गाडीचा तळ दगडावर घासणे, चाक पदपथाच्या कडेवर चढणे, दार जोराने लोटणे, उघड्या दारावर दुचाकी आदळणे अशा प्रसंगी पिशवी उघडू नये यासाठी निर्माते खास चाचण्या घेतात व त्यांतील नोंदींवरून आज्ञावलीतील उंबरठा ठरवितात. उंबरठा खाली ठेवला तर खड्ड्यातही पिशवी उघडेल. वर ठेवला तर खऱ्या आघातात उशीर होईल. उलटण्याची चाहूल गाडीच्या कलण्याच्या गतीवरून घेणाऱ्या यंत्रणेची हीच अडचण असते. तीव्र उतारावर आडव्या चालणाऱ्या गाडीत पडदा-पिशवी विनाकारण उघडू नये म्हणून खडबडीत मार्गांसाठी बनविलेल्या काही गाड्यांत ती तात्पुरती बंद करण्याचा स्विच देतात.

दोषाचा याहून गंभीर प्रकार म्हणजे रस्त्याशी काहीही संबंध नसता नियंत्रकानेच आज्ञा देणे. २००१ ते २००४ या सुमारास बनलेल्या क्रायस्लर, होंडा व टोयोटा यांच्या काही गाड्यांतील नियंत्रकात एकाच पुरवठादाराचे एकात्मित मंडल (इंटिग्रेटेड सर्किट) होते. गाडीच्या इतर विद्युत् भागांत उद्‌भवणाऱ्या क्षणिक दाबवाढीने ते बिघडे व चालत्या गाडीत एअरबॅग आपोआप उघडत. काही गाड्यांत त्यांबरोबर आसनपट्टे आवळणारी यंत्रणाही सुटे. २०१२ व २०१३ मध्ये या गाड्या परत बोलावून विद्युत् गाळणी बसविण्यात आली; परंतु ती पुरी न पडल्याने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २१ लक्ष गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या. एकदा दुरुस्त झालेली गाडी निर्दोष झाली असे गृहीत धरता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय. आसनाखालून जाणाऱ्या तारांचे जोड हेही बाजूच्या एअरबॅगचे एक नाजूक स्थान आहे. आसन मागेपुढे सरकविल्याने, त्याखाली सामान कोंबल्याने किंवा पाणी शिरल्याने ते सैल होतात वा गंजतात. अशा वेळी पिशवी उघडण्यापेक्षा सूचक दिवा लागून ती निकामी होण्याचा संभव अधिक असतो, कारण जोड सुटताच प्रज्वालकाची दोन्ही टोके आपोआप एकमेकांस जोडली जातील अशी व्यवस्था त्यात केलेली असते.

तिसऱ्या प्रकारात आज्ञेवाचूनच वायुजनक फुटतो. जनरल मोटर्सच्या २०१५ व २०१६ सालच्या काही मालवाहू गाड्यांत छताच्या कडेतील पडदा-पिशवीच्या वायुकुपीत निर्मितीच्या वेळी ओलावा राहिल्याने ती आतून गंजत असे व उन्हात उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीतही फुटण्याचा धोका होता. २०२१ मध्ये अशा सुमारे चार लक्ष गाड्या अमेरिकेत परत बोलाविण्यात आल्या.

अवेळी उघडलेली पिशवी माणसास सहसा ठार करीत नाही; परंतु तिचा आवाज १६० डेसिबेलच्या आसपास असतो, गाडीत भुकटी व धूर पसरतो, बाजूची खिडकी झाकली जाते आणि भर वेगात चालकाचा ताबा जाऊ शकतो. खिडकीला डोके टेकून झोपलेल्या किंवा दाराकडे झुकून बसलेल्या प्रवाशास थेट इजा होते. पिशवी योग्य वेळी व निर्दोष रीतीने उघडली तरी जागा सोडून बसलेल्यास ती घातक ठरू शकते. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे झालेल्या अपघातात पुढील आसनावर बसलेल्या सहा वर्षांच्या बालकाचा समोरची एअरबॅग उघडल्यावर मृत्यू झाला. लहान मुलांना मागील आसनावर, त्यांच्यासाठीच्या खास आसनात बसवावे हा नियम याच कारणासाठी आहे.

वायुजनकाचे रसायन व ताकाता प्रकरण : मोटारगाड्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठी परतबोलावणी (रिकॉल) एका रसायनामुळे झाली. जपानच्या ताकाता कंपनीने वायुजनकात अमोनियम नायट्रेट वापरले. ते स्वस्त व आटोपशीर असते. पण ते ओलावा शोषते आणि तापमानाच्या चढउतारात त्याची स्फटिकरचना व घनफळ बदलते. दररोजच्या तापण्या-निवण्याने त्याच्या दाबून बनविलेल्या वड्यांत वर्षानुवर्षे सूक्ष्म भेगा पडतात. भेगांमुळे पृष्ठफळ वाढते, रसायन अपेक्षेपेक्षा फार वेगाने जळते व वायुजनकाचे धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे पिशवी फाडून प्रवाशाच्या अंगात घुसतात. जलशोषक द्रव्य न घातलेल्या वायुजनकांत व उष्ण, दमट प्रदेशांत हा धोका सर्वाधिक आढळला. अमेरिकेत २५ हून अधिक मृत्यू या कारणाने झाले असून मलेशियातही बळी गेले. जगभर सुमारे १० कोटी वायुजनक बदलण्याची पाळी आली आणि जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतात होंडा कंपनीने २०१५ पासून टप्प्याटप्प्याने या वायुजनकांसाठी गाड्या परत बोलाविल्या. जुलै २०१६ मधील एका टप्प्यातच सुमारे १ लक्ष ९० हजार गाड्या होत्या.

या दोषाचा विशेष असा की, गाडी नवी असताना तो नसतोच. वयाबरोबर तो निर्माण होतो. कायद्याच्या दृष्टीने ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे पुढे दिसून येईल.

न उघडणे : अमेरिकेत २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या जनरल मोटर्सच्या प्रकरणात दोष एअरबॅगमध्ये नव्हताच. प्रज्वलन-स्विचमधील खटका सैल असल्याने किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने वा हिसक्याने किल्ली चालत्या गाडीत मागे सरके. एंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगचा विद्युत् पुरवठाही तुटे. सुमारे २६ लक्ष गाड्या परत बोलाविल्या गेल्या व भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी निगडित मानले. भारतात किया कंपनीने २०२२ मध्ये ४४,१७४ गाड्या एअरबॅग-नियंत्रकाच्या आज्ञावलीच्या तपासणीसाठी, तर मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये १७,३६२ गाड्या नियंत्रक बदलण्यासाठी बोलाविल्या.

एअरबॅग उघडली नाही की निर्मात्याचे ठराविक उत्तर असते : आघाताचा जोर उंबरठ्याइतका नव्हता. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली–पानिपत मार्गावरील अपघातात ह्युंदाई क्रेटा गाडीच्या पुढील एअरबॅग न उघडल्याने ग्राहकाने दाद मागितली. २० एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगाचा निर्णय कायम करताना असे मत दिले की, सुरक्षा-साधन पाहून गाडी घेणारा ग्राहक वेग व बल यांची गणिते करणारा भौतिकीतज्ञ असावा, अशी अपेक्षा करता येत नाही. भरपाईबरोबर गाडी बदलून देण्याचा आदेशही कायम राहिला. उंबरठा कोठे आहे हे केवळ निर्मात्यालाच ठाऊक असल्याने सिद्धतेचा भार ग्राहकावर टाकणे अन्यायाचे होते आणि म्हणून हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

एअरबॅग हे आसनपट्ट्याला पूरक साधन आहे, त्याचा पर्याय नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्याबरोबर मागील आसनावर असलेले सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढील दोघे जखमी होऊनही वाचले.

भारतातील कायदा व मानके : मार्च २०१० मध्ये मुंबईत खरेदी करून घरी नेली जात असलेली नवी नॅनो गाडी वाटेतच पेटली. अशा आणखी काही घटनांनंतर टाटा मोटर्सने त्या वर्षाच्या अखेरीस मालकांना जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देऊ केले, पण त्यास ‘परतबोलावणी’ म्हणण्याचे टाळले. तेव्हा तसे म्हणण्याचे कायदेशीर बंधनच नव्हते. निर्मात्यांच्या संघटनेने जुलै २०१२ मध्ये ऐच्छिक संहिता केली. सक्ती आली ती २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने. त्यातील कलम ११०-अ अन्वये केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते. नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले व दंडाची मर्यादा १ कोटी रुपयांपर्यंत ठेवण्यात आली. पुढच्याच वर्षी, मार्च २०२२ मध्ये, पुण्यात विजेवरील दुचाकी पेटल्याची घटना गाजली आणि ओला कंपनीने त्याच तुकडीतील १,४४१ दुचाकी परत घेतल्या.

हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू आहेत. ब्रेकची नळी किंवा आज्ञावली यांतील दोष या मुदतीत बहुधा प्रकट होतो. वायुजनकाच्या रसायनातील दोष मात्र मुदत संपण्याच्या सुमारास डोके वर काढतो. म्हणजे धोका जेव्हा सर्वाधिक, तेव्हा कायद्याचा हात आखडलेला असतो. या मर्यादेतून निदान एअरबॅग तरी वगळणे आवश्यक आहे.

चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. पुढील प्रवाशासाठीची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांच्या गाड्यांत व वर्षअखेरीपासून जुन्या नमुन्यांतही सक्तीची झाली. बाजूच्या व पडदा-पिशव्या धरून सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला. तो एक वर्ष पुढे ढकलला गेला व सप्टेंबर २०२३ मध्ये सक्ती न करण्याचे ठरले. त्याऐवजी १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही तारांकन देणारी ऐच्छिक चाचणी-योजना सुरू झाली. तीत बाजूच्या आघाताची व खांबावर आडवे आदळण्याचीही चाचणी आहे. वाहनांच्या चाचण्या व मानके यांबाबत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) ही प्रमुख संस्था आहे.

देवरीसारख्या गावांतील स्थिती : परतबोलावणीचे यश कायद्याइतकेच पत्त्यावर अवलंबून असते. गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–कोलकाता महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा ६) छत्तीसगढच्या सीमेजवळ आहे. नागपूर व रायपूर ही दोन्ही मोठी शहरे याच मार्गावर आहेत. शहरातील पहिल्या मालकाने वापरून विकलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती अशा गावी येते, तेव्हा निर्मात्याच्या दप्तरी पत्ता व दूरध्वनी राहतो तो पहिल्या मालकाचाच. दुरुस्ती गावातील किंवा महामार्गावरील मिस्त्रीकडे होऊ लागली की अधिकृत सेवा केंद्राशी गाडीचा संबंध सुटतो आणि परत बोलाविल्याची सूचना तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पूर्व विदर्भाचे हवामानही येथे प्रतिकूल ठरते. उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते, उन्हात उभ्या गाडीचा अंतर्भाग त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि पाठोपाठ येणाऱ्या भरपूर पावसाच्या महिन्यांत हवा दमट राहते. अमोनियम नायट्रेटाचा ऱ्हास घडविणारे दोन्ही घटक येथे दरवर्षी एकामागून एक येतात.

सरकारी तपासणीत ही उणीव भरून निघत नाही. खाजगी मोटारगाडीची नोंदणी १५ वर्षांची असते व या काळात तिची यांत्रिक तपासणी सक्तीची नाही. नियमितपणे घ्यावे लागते ते केवळ प्रदूषण-नियंत्रण प्रमाणपत्र आणि त्यासाठी फक्त धूर तपासला जातो. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने नोंदणी-पुस्तकातील सांगाडा क्रमांक (चासी नंबर) निर्मात्याच्या कोणत्याही सेवा केंद्राला कळवून त्या गाडीची परतबोलावणी बाकी आहे काय, हे विचारून घ्यावे. मालक कितवाही असला तरी हा क्रमांक बदलत नाही व परतबोलावणीतील दुरुस्तीस पैसे पडत नाहीत.

काही दोष मालक स्वतःच ओढवून घेतो. आसनाच्या पाठीत एअरबॅग असता तीवर जाड, अखंड शिवणीचे आच्छादन घातल्यास पिशवी बाहेर येण्याची वाट अडते. सीटकव्हर घालावयाचेच असल्यास बाहेरील कड मोकळी असलेले घ्यावे. पुढे लोखंडी गार्ड लावल्याने आघात संवेदकापर्यंत पोहोचण्याची रीत बदलते. अशा गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. गाडी सुरू करताना एअरबॅगचा सूचक दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. तो मुळी लागतच नसेल तर अधिक संशय घ्यावा, कारण उघडून गेलेल्या एअरबॅगचा खर्च टाळण्यासाठी दिव्याची जोडणी तोडून गाडी विकण्याचे प्रकार होतात.

न उघडलेली एअरबॅग अपघातानंतरही जिवंत असते. महामार्गावर मदतीस धावणाऱ्यांनी सुकाणू चाक व अडकलेला माणूस यांच्यामध्ये डोके घालू नये, शक्य असल्यास बॅटरीची ऋण टोकाची जोडणी प्रथम सोडावी आणि पत्रा कापावा लागल्यास आतील अस्तर काढून छताच्या कडेतील वायुकुपीची जागा आधी पाहून घ्यावी. भंगारात काढलेल्या गाडीचीही हीच गोष्ट असून, वायुजनक प्रशिक्षित व्यक्तीकडून काढून घेतल्याशिवाय ती दाबयंत्रात घालणे वा गॅसच्या ज्योतीने कापणे धोक्याचे असते.